केतकीची झोप कोणी पळवली?

दोरी सुटली आणि केतकी खालच्या जाड गादीवर पडली, म्हणून हाडं शाबूत राहिली. पण दळवी सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की सरावाला पेंगत येणाऱ्या मुलीला दोरीच्या मल्लखांबाच्या संघात जागा नाही. पुढच्या रविवारपर्यंत सुधारली नाही, तर तिच्या जागी दुसरी.

केतकीला रडूच आलं. त्या एका जागेसाठी तिनं वर्षभर घाम गाळला होता.

बाबांच्या मते गुन्हेगार ठरलेला होता: मोबाइलच्या लहरी. लहरींनी पोरीची संप्रेरकं (शरीरातल्या ग्रंथी रक्तातून पाठवतात ते रासायनिक निरोप) बिघडवली, असं ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवत. रोज जेवणं झाली, की देवापुढे दिवा लावावा तितक्या भक्तिभावानं ते केतकीचा फोन विमान-मोडवर टाकत. लहरी बंद झाल्या, तरी झोप काही परत येईना. हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं.

मग साताऱ्याला त्यांच्या घरी इंदूआत्या आली. ती संप्रेरकांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ, शिवाय बाबांची थोरली बहीण. त्यामुळे तिच्यापुढे बाबांचं फारसं चालत नसे. तिच्या पिशवीत थेंबू होता, तांब्याएवढा यंत्रमानव. त्याच्या वाटीत थुंकलं, की लाळेतलं संप्रेरक मोजून तो लगेच सांगे. केतकीला आधी किळस आली, मग गंमत वाटू लागली.

आत्यानं समजावलं, की अंधार पडला की मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी मेलाटोनिन (झोपायची वेळ झाली असं शरीराला सांगणारं संप्रेरक) सोडू लागते. केतकीच्या शरीरात हा निरोप उशिरा निघतो का, ते बघायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी फोन चालू ठेवून, त्याचा पडदा बंद करून, कापडी पिशवीत घालून केतकीच्या उशाशी ठेवला. मेलाटोनिन वेळेवर वाढलं. दुसऱ्या संध्याकाळी बाबांच्या पद्धतीनं विमान-मोड, बाकी सगळं रोजच्यासारखं. थेंबूचा आकडा वर सरकेना.

बाबांचा चेहरा पडला. आत्यानं केतकीकडे पाहिलं.

"रोजच्यासारखं म्हणजे काय करतेस गं तू?"

केतकी ओशाळली. मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ ती दुपारीच फोनमध्ये उतरवून ठेवी आणि पांघरुणात शिरून बघत बसे. पायाच्या अंगठ्यात दोरी कशी धरायची, तेच पुन्हा पुन्हा. संघात जागा मिळावी म्हणूनच ना! विमान-मोडची त्याला काहीच आडकाठी नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी आत्यानं एकच गोष्ट बदलली. विमान-मोड तसाच, फक्त व्हिडिओ बंद. मेलाटोनिन पुन्हा वेळेवर.

"डोळ्यांत उजेड ओळखणाऱ्या काही पेशी (शरीराचे अगदी छोटे घटक) असतात," आत्या म्हणाली. "पडद्याचा निळसर उजेड दिसला, की त्या मेंदूला कळवतात, अजून दिवस आहे. मग ग्रंथी बिचारी गप्प बसते."

म्हणजे लहरी निर्दोष, असं बाबांनी खालच्या आवाजात विचारलं.

"एका मुलीच्या तीन संध्याकाळींवरून एवढं मोठं काही ठरत नाही, सदा. लहरी संप्रेरकं बिघडवतात याचा पक्का पुरावा अजून मिळालेला नाही, पण अभ्यास थांबलेला नाही. आपल्या घरात मात्र तू चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतास."

त्या दिवसापासून केतकीचा फोन जेवणानंतर स्वयंपाकघरात मुक्कामाला गेला. रविवारी ती दोरीवर चढली, अंगठ्याची पकड शेवटपर्यंत सुटली नाही. जागा तुझीच, एवढंच सर म्हणाले. केतकी आनंदानं घरापर्यंत पळत आली.

लहरींचं पक्कं उत्तर कोण शोधणार, असं तिनं आत्याला विचारलं. तुझ्यासारखंच कुणीतरी, असं म्हणत आत्यानं थेंबूला महिनाभर तिच्या हवाली केलं.

त्या संध्याकाळी बाबा पांघरूण ओढून मोबाइलवर काहीतरी बघत होते. केतकीनं वाकून पाहिलं. लहरींच्या धोक्यांवरचा व्हिडिओ होता. तिनं थेंबूची वाटी त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, थुंका."