झाकलेला आरसा

तोआदेर म्हाताऱ्याला त्याच्याच शिकारीच्या बंदुकीने कुणीतरी बिछान्यात मारलं, असा निरोप आला तेव्हा इलिंकाची कॉफी तशीच राहिली. न्यायवैद्यक शिकून बाहेर पडल्यावरचं तिचं हे पहिलंच प्रकरण.

रोमानियातल्या मारामुरेशच्या डोंगरातलं लाकडी घर. वर्षभर लुळा पडलेला म्हातारा. उशाशी भिंतीवर आरसा, त्यावर भरतकामाचा टॉवेल. दारात त्याची बायको, पारास्किवा.

"आजी, तुम्ही कुठे होतात?"

"गोठ्यात. बार ऐकून धावले."

"कशाला हात लावलात?"

"आरसा झाकला तेवढा. माणूस गेलं की झाकायचा, पोरी. नाहीतर जीव आत अडकतो."

"आधी उघडा होता?"

"जित्याच्या घरात कुणी आरसा झाकतं होय?"

शेजारच्या ग्रिगोरेचं कुरणावरून म्हाताऱ्याशी हाडवैर होतं. पोलिसांनी त्यालाच उचललं. त्याची दोन लेकरं कुंपणाशी रडत उभी होती.

भिंतीवर रक्ताचे बारीक थेंब उडाले होते. इलिंकाने टॉवेल उतरवला. तिचे वरिष्ठ कोर्नेल वाकून बघत राहिले.

"दिसलं?"

"दिसलं, सर. पण मला माझी आजीच आठवते हो."

"मग घरी जाऊन रड. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला नको."

न्यायालयात इलिंका साक्षीला उभी राहिली. ग्रिगोरे मान खाली घालून बसला होता.

"भिंतीवरच्या थेंबांची ओळ टॉवेलवर न तुटता पुढे गेली आहे," ती म्हणाली. "टॉवेलखालची काच मात्र स्वच्छ. म्हणजे आरसा झाकला तो बार होण्याआधी, म्हातारा जिवंत असताना. वैरी हे कशाला करेल? मरणाऱ्याचा जीव सुखरूप जावा असं ज्याला वाटतं, तोच आधी आरसा झाकेल."

पारास्किवा काठीवर भार देत उठली.

"मीच मारलं. वर्षभर विनवत होता मला. स्वतः करायला हातात बळ नव्हतं त्याच्या." मग ती ग्रिगोरेकडे वळली. "भ्याले रे मी. तुझ्या लेकरांचे शाप लागले असतील मला."

पोलीस तिला न्यायला आले. जाताना ती इलिंकापाशी थांबली. इलिंकाला रडू आवरेना.

"रडू नको, पोरी. आरसा झाकला नसता तर सुटले असते, होय ना?"

इलिंकाने होकारार्थी मान हलवली.

"तरी झाकलाच असता," म्हातारी म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल सारखा करून पोलिसांबरोबर चालू लागली.