कानांवरचे तळहात

आमच्या इमर्जन्सीत पेशंटसाठी कितीही धावपळ चालू असली तरी त्याच्या एका माणसाला मी आत उभं राहू देते. इतर डॉक्टर मला हसतात. हसू देत. दाराबाहेर ताटकळत बसून शेवटी नुसता निरोप ऐकायचा, हे मला कधीच पटलं नाही.

कुंभारीच्या महादेवप्पांना भर दुपारी आणलं तेव्हा त्यांचं हृदय बंद पडलं होतं. बायको जगदेवी आत आली. सिद्धेश्वरी सिस्टर शेजारी थांबून काय चाललंय ते तिला सांगत होती. बाई रडली नाही, मध्ये आली नाही, उशाशी घट्ट उभी राहिली. काय कौतुक वाटलं मला तिचं!

मी छाती दाबत होते. तेवढ्यात उशाकडून मायेची हाक आली, "महादेवा, बारो." 'ये रे' म्हणण्याइतपत कन्नड मला कळतं. मॉनिटरवरची रेघ सरळच होती.

"मारत राहा हाका," मी हात न थांबवता जगदेवीला म्हणाले. "ऐकू जात असेल त्यांना."

"मी न्हाय मारली, मॅडम. लग्नापास्नं मी त्यांचं नाव घेतलं न्हाय."

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. तिनेही हाक मारली नव्हती.

पुन्हा आवाज आला. आता जास्त जवळून.

"सासूबाई हायत," जगदेवी म्हणाली. "गेल्या साली वारल्या."

तिने नवऱ्याच्या दोन्ही कानांवर तळहात दाबले. तिचा आवाज जराही कापला नाही.

"अत्ती, तुमी जावा. हितं मी हाय की."

मी दाबत राहिले.

तिने हात काढले नाहीत.

रेघ हलली.

माणसाला असं माणूस मिळावं, एवढंच माझ्या मनात आलं. आवाजाचं काय, दमलं की भास होतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पंधरवड्याने दोघं तपासणीला आली. महादेवप्पा ठणठणीत होते, पण कानांत कापसाचे बोळे.

"कान दुखतात का?"

त्यांना ऐकूच गेलं नाही. उत्तर जगदेवीनं दिलं. "दुखत न्हायत. घरी रोज जेवायच्या टायमाला हाक येती."

"काढा तो कापूस, बघू दे मला."

"काढते की." तिचा हात कानापाशी थांबला. "पण मॅडम, आदी दार लावा."

बाहेरच्या बाकावर कुणी नव्हतं. तरी मी उठून दार लावलं आणि कडीही घातली.