बोटभर सैल दोरा

मातृतुला केंद्राच्या चौदाव्या मजल्यावर एक भिंत होती आणि त्या भिंतीवर दोनच आकडे होते. डावीकडे, घडलेले मातामृत्यू : शून्य. उजवीकडे, टळलेले मातामृत्यू : चार हजार तीनशे सोळा. डावा आकडा तीन वर्षं हलला नव्हता. पाहुणे येत आणि त्या शून्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेत. शून्याबरोबर फोटो काढायची माणसाला इतकी हौस असते, हे डॉ. मृदुला चिंदरकरांना या नोकरीतच कळलं.

मातृतुलेचं, म्हणजे बाळंतपणातले मृत्यू मोजणाऱ्या यंत्रणेचं, गणित त्यांनीच मांडलं होतं. त्यामुळे तोरणखेडे उपकेंद्राची तक्रार आली तेव्हा चौकशीला दुसऱ्या कुणाला न पाठवता त्या स्वतः निघाल्या. तक्रारीत तीन आरोप होते. परिचारिका वत्सला ढेपे यांनी वर्षभरात अकरा वेळा वायुडोली, म्हणजे माणसाविना उडणारी रुग्णवाहिका, मागवली. अकराही वेळा अशा बायकांसाठी, ज्यांचा मृत्यू आधीच टळला होता. दुसरं, त्या मनाई असताना कागदी वही ठेवत. आणि तिसरं, सरकारी उपकेंद्रात येणाऱ्या गर्भवतींच्या पायात काळे दोरे बांधत. हे तिसरं मृदुलांनी दोनदा वाचलं.

दुपारी दोनला त्यांची स्वयंचालित गाडी घाट चढून तोरणखेड्यात पोचली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक कडुनिंब. ढेपे सिस्टर दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची तुटकी दांडी चिकटपट्टीने बांधलेली.

"या. चार तास घाटातनं आलात. बसा, चहा ठेवते. पाचवा ना?"

मृदुला थबकल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बसायच्या आधी हात कमरेकडं गेला. पोट दिसत नाही अजून. कमरेला कळलंय."

"मी चौकशीला आलेय, सिस्टर. तपासून घ्यायला नाही."

"तपासते कुठं? बघितलं नुसतं. बघायला अजून मनाई नाही ना आली?"

चहा आला. मृदुलांनी त्याला हात लावला नाही. त्यांच्या डाव्या मनगटावरच्या नाडीपट्टीचा निळा दिवा शांतपणे लुकलुकत होता. प्रत्येक गर्भवतीच्या मनगटावर अशी पट्टी असे. ती नाडी, रक्तदाब, रक्तातली साखर मोजून मातृतुलेला कळवी.

"काळे दोरे," मृदुला म्हणाल्या. "नजर लागू नये म्हणून?"

"सासवा तसंच समजतात. मी समजू देते. सूज मोजायला बांधते म्हटलं तर म्हणतील, गरोदरपणात पाय सुजायचेच, आमचे नाही का सुजले! नजरेचं म्हटलं की कुणी सोडत नाही. बांधताना माझं एक बोट आत ठेवते. पोरीला एवढंच सांगते, बोट शिरेनासं झालं की त्याच दिवशी इकडं यायचं."

"बोट. हे तुमचं एकक?"

"करंगळी. दाखवायचं बोट वरिष्ठांसाठी राखून ठेवलंय."

मृदुलांनी टेबलावरची वही ओढून घेतली. नाव, महिना, दोरा बांधला ती तारीख. शेवटचा रकाना होता : दोरा कापला ती तारीख. बऱ्याच ओळींत तो रिकामा होता.

"अशा वह्या मला चांगल्या माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "माझी आई अशाच एका वहीत आहे. मी चार दिवसांची होते. रक्तस्रावाने गेली आणि वहीत लिहिलं, कावीळ. का, तर तालुक्याचा आकडा वाढायला नको. म्हणून मी असं यंत्र बांधलं ज्याला माणसाचा हातच लागणार नाही. तुमचाही नाही, माझाही नाही. बंद झालेली नोंद मलासुद्धा उघडता येत नाही."

सिस्टरनी वही आपल्याकडे वळवली. "कावीळ मीही लिहिलीय," त्या म्हणाल्या. "दोनदा. साहेब समोर उभे होते. दोघींचीही नावं सांगू शकते. पण मला एक सांगा, त्या तुमच्या यंत्रात बाई वाचली हे ठरतं कसं?"

"प्रशिक्षणात सांगितलं होतं."

"प्रशिक्षणात जेवण चांगलं होतं. तुम्ही सांगा."

मृदुलांनी सुस्कारा सोडला आणि शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. "प्रत्येक गर्भवतीची मातृतुलेत एक छायाजननी असते. गणितातली बाई. तेच वय, तेच रक्त, तेच गाव. फरक एकच, की छायेला कसलीही आरोग्यसेवा मिळत नाही. ना गोळी, ना इंजेक्शन, ना तुम्ही. रोज संध्याकाळी सहाला खऱ्या बाईच्या दिवसभराच्या मापांवरून छायेचा पुढचा प्रवास नव्याने मांडला जातो. छाया मेली आणि खरी बाई जिवंत असेल, तर तो टळलेला मृत्यू. आपली सेवा नसती तर ती गेली असती, म्हणून. छाया जिवंत आणि खरी बाई मेली, तर तो घडलेला मृत्यू. तो आपला दोष."

"आणि छाया आधी मेली, खरी मागनं मेली तर?"

"छाया मेली की नोंद बंद होते. तुलनेला दुसरं पारडंच उरत नाही."

"म्हणजे तिचा मृत्यू एकदा टळला की ती मरू शकत नाही."

"मोजणीच्या दृष्टीने..."

"मोजणीच्याच दृष्टीनं विचारतेय. माझ्या दृष्टीनं चौघी मेल्या." त्यांनी वहीवर करंगळी ठेवली. "अकरांपैकी चौघी. गोळ्या दिल्या, आठवा महिना निभावला. छाया मेली, यांना निरोप आला, अभिनंदन, तुमचा मृत्यू टळला. घरच्यांनी पेढे वाटले, देवीला साडी नेसवली. तपासणीला कशाला येतील? वाचलेली बाई दवाखान्यात येते का? आणि डोली मागवली तर डोली म्हणते, हिचा मृत्यू टळलेला आहे, कृपया गरजूंसाठी मार्ग मोकळा ठेवा. त्या चौघी तुमच्या उजव्या आकड्यात आहेत, मॅडम. वाचलेल्यांत."

"ही शक्यता नगण्य होती," मृदुला म्हणाल्या. "आम्ही ती गृहीत..."

"नगण्यांचीच वही आहे ही."

त्याच वेळी बाहेर विजेवरची तीनचाकी येऊन थांबली. सगुणाबाई नावाची एक बाई मुलीला धरून आत आणत होती. मुलगी कावेरी, बावीस वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना. तिच्या मनगटावरची पट्टी काळी होती; नोंद बंद झाली की पट्टीचा दिवा विझे.

"सिस्टर, डोकं फुटतंय म्हणते," सगुणाबाई म्हणाली. "डोळ्यांपुढं चांदण्या येतात म्हणते. मी म्हटलं, येडे, तुझं तर टळलंय सगळं! आम्ही पेढे नाही का वाटले?"

सिस्टर खाली वाकल्या. कावेरीच्या घोट्यावरचा काळा दोरा मांसात इतका रुतला होता की दिसतच नव्हता.

"बोट कधीपासून शिरत नाही गं?"

"पाच दिवस झाले," कावेरी पुटपुटली. "पण पट्टीनं सांगितलं होतं ना..."

वाक्य पुरं झालं नाही. तिचे डोळे वर गेले, जबडा आवळला आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. सगुणाबाईने किंकाळी फोडली. सिस्टरनी कावेरीला कुशीवर वळवलं, "डोकं धरा!" म्हणून खेकसल्या, आणि ते डोकं पुढचं मिनिटभर मातृतुलेच्या जनक डॉ. मृदुला चिंदरकर यांच्या मांडीवर होतं. झटका ओसरल्यावर सिस्टरनी दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शन दिलं. जुन्या यंत्रावर रक्तदाब घेतला. एकशे ऐंशीवर एकशे वीस.

"इथं बाळंत करता यायची नाही," त्या म्हणाल्या. "जिल्ह्याला न्यायला हवी. आत्ता."

"माझी गाडी आहे."

"घाटात चार तास. वळणावर दुसरा झटका आला तर?"

"तुमची रुग्णवाहिका?"

"होती की. गेल्या साली काढून घेतली. मातामृत्यू शून्य, मग गाडी कशाला? सही कुणाची होती ते विचारू नका, चहा तसाच राहिलाय तुमचा."

मृदुलांनी आपल्या हातातल्या छोट्या यंत्रावरून कावेरीच्या नावाने वायुडोली मागितली. स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या आवाजात. उत्तर त्यांनीच तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या गोड वाक्यात आलं. हिचा मृत्यू टळलेला आहे. कृपया गरजूंसाठी मार्ग मोकळा ठेवा. त्यांनी पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

"ओळखत नाही का तुम्हाला?" सिस्टरनी विचारलं.

"ओळखतं. ऐकत नाही. तसंच बांधलंय."

"मग डोली येते तरी कुणासाठी?"

"ज्यांची छाया जिवंत आहे त्यांच्यासाठी. निरोगी बायकांसाठी," मृदुला म्हणाल्या, आणि बोलताना त्यांना आपलंच वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. "त्या मेल्या तरच डावा आकडा हलतो. त्यांच्यासाठी ती पंचवीस मिनिटांत येते."

दोघींच्याही नजरा एकाच वेळी मृदुलांच्या मनगटावर गेल्या. निळा दिवा लुकलुकत होता.

मृदुलांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. त्या किंचित थांबल्या. एखादं गणित मनातल्या मनात शेवटपर्यंत सोडवून पाहायला लागतो तेवढाच वेळ. मग त्यांनी अंगठा पट्टीच्या कडीवर टेकवला. कडी फक्त त्यांच्याच अंगठ्याने उघडत असे. ती उघडली आणि त्यांनी पट्टी कावेरीच्या सुजलेल्या मनगटावर बसवली.

निळा दिवा तांबडा झाला.

पावणेचारला कडुनिंबाची पानं उडवत वायुडोली अंगणात उतरली. आत दोघींपुरतीच जागा होती. तांबडी पट्टी ओळखून दार उघडलं आणि गोड आवाज म्हणाला, "डॉ. मृदुला, घाबरू नका. आम्ही आहोत."

"मी नाही मृदुला," कावेरी अर्धवट शुद्धीत म्हणाली.

"गप झोप," सिस्टर म्हणाल्या. "आज आहेस. सगुणाबाई, हिला कुशीवरच ठेवायची, आणि तिथं पोचल्यावर नाव खरं सांगायचं. तिथं डॉक्टर माणसं आहेत."

डोली गेली. अंगणात धूळ खाली बसली. सिस्टरनी फरशी पुसली. मृदुलांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, "या चौघींची मुलं?"

"तीन जगली. त्यांच्याही छाया नव्हत्या तुमच्या यंत्रात. आईची छाया आठव्यातच मेली, तर बाळाची जन्मेल कशी? ती तिघंही जन्मायच्या आधीच वाचलेली. वाचलेल्या पोरांना लस कोण पाठवतं?"

मृदुलांनी पान उलटलं.

साडेपाचला फोन वाजला. सगुणाबाई रडत होती की हसत होती ते कळायला वेळ लागला. पोट उघडून बाळ काढलं होतं. मुलगी. कावेरी शुद्धीवर होती आणि पाणी मागत होती.

"पेढे वाटू नका," सिस्टर फोनवर ओरडल्या. "ऐकताय? सव्वा महिना पेढे नाहीत!"

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. "हं. चौकशीचं काय ते लिहून घ्या. अंधार पडायच्या आत घाट उतरा."

"सहा वाजू देत," मृदुला म्हणाल्या.

"सहाला काय आहे?"

मृदुलांनी ते छोटं यंत्र हातात घेतलं. बरोबर सहाला त्यांच्या हातातलं यंत्र वाजलं. त्यांनी ते न वाचताच सिस्टरपुढे धरलं.

सिस्टरनी मोठ्याने वाचलं. "अभिनंदन, डॉ. मृदुला चिंदरकर. आपली छायाजननी आज मरण पावली. आपण मात्र सुखरूप आहात. आपला मृत्यू टळला आहे. टळलेल्या मृत्यूंत आपला क्रमांक चार हजार तीनशे सतरावा. आपली नोंद बंद करण्यात येत आहे." त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. "आजची मापं कावेरीची. ती तुमच्या नावावर गेली. त्या मापांवरनं तुमची छाया मांडली, आणि औषधाशिवाय ती..."

"मेली. दुसरं काही शक्यच नव्हतं."

"म्हणजे आता तुम्हाला डोली नाही."

"नाही. निरोगी होते तोवर होती."

"आणि चार महिने आहेत तुमचे अजून."

"चार."

"तुम्हाला माहीत होतं हे. पट्टी काढताना."

"मीच लिहिलंय ते, सिस्टर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"मी?" ढेपे सिस्टर म्हणाल्या. "मी अंगठा धरून आधीच काढून घेतली असती. बोलत बसून पाच मिनिटं घालवली नसती. पाय पुढं करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना. शिकलेल्या बायांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते."

मृदुलांनी बूट काढून पाय पुढे केला. सिस्टर गुडघ्यावर बसल्या, गुडघा कटकन वाजला, त्याला त्यांनी एक शिवी दिली. टेबलाच्या खणातून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. घोट्याभोवती दोन वेढे घेतले, करंगळी आत ठेवून गाठ मारली आणि बोट सावकाश बाहेर ओढलं.

"रोज सकाळी बोट घालून बघायचं. शिरलं नाही तर मला फोन करायचा. यंत्राला नाही, मला. आणि अहवालात काय लिहिणार आहात?"

"तीन वर्षांचं शून्य चुकलं आहे, चौघींची नावं, आणि ते यंत्र मी बांधलं," मृदुला म्हणाल्या. "मानतील असं नाही. शून्य सगळ्यांना आवडतं. आणि काळ्या दोऱ्यांचा आरोप सिद्ध झाला, असंही लिहीन."

"लिहा. एक पुरावा पायातच घेऊन चाललाय."

सिस्टरनी वही उघडली. नाव लिहिलं, महिना पाचवा, दोरा बांधला ती आजची तारीख. शेवटचा रकाना रिकामा ठेवला.

"हा दोरा तुम्ही कापायचा नाही," त्या वर न बघता म्हणाल्या. "मी कापणार. सव्वा महिन्याचं लेकरू मांडीवर घेऊन इथं यायचं, मग कापणार. तोवर यंत्रानं काहीही सांगू दे, तुम्ही वाचलेल्या नाहीत. समजलं?"