दोन बोटांचा खड्डा

भर दुपारी अंधार विकत मिळत नाही, तो शिवून घ्यावा लागतो. म्हणून लेक जाड काळ्या कापडाचा गठ्ठा काखेत मारून समोरच्या शिंप्याकडे गेली. घरातला जुना पडदा उन्हानं विरला होता आणि त्याच्या भोकातून येणारी तिरीप नेमकी बाबांच्या डोळ्यांवर पडायची. बाबा बेकरीवाले. जग झोपलं की यांची भट्टी पेटायची आणि जग कामाला लागलं की हे बेकरीच्या वरच्या खोलीत आडवे व्हायचे. सगळा जन्म असाच गेला. त्या घरावर भुताखेताची वेळ यायचीच झाली, तर ती दुपारीच यायची होती.

शिंप्यानं कापड मापलं आणि चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं.

"जाड घेतलंस ते बरं केलंस. आवाज तरी जरा अडेल."

"काका, घोरणं पडद्याला जुमानत नाही."

"घोरू दे की गं. माझं मशीन आणि तुझ्या बापाचं नाक, आमची जोडी जमलीय. पण ते मधेच बंद पडतं ना, तेव्हा माझाही पाय थांबतो. सुई वर धरून बसतो. तिकडे सुरू झालं की इकडे टाका घालतो." तो हसला, मग हसू गिळून म्हणाला, "काल फार वेळ बसलो बघ."

आई होती तोवर शिंप्याला असं बसावं लागत नव्हतं.

आई रात्रभर बाबांच्या शेजारी उभी राहून पीठ मळायची. पीठ भट्टीत जायला तयार झालं का, हे ती दोन बोटांनी बघायची. गोळ्यात बोटं दाबायची आणि काढायची. खड्डा सावकाश वर आला की पीठ जिवंत. तसाच राहिला की गेलं. दुपारी नवऱ्याच्या शेजारी झोपल्यावरही ती बोटं कामातच असायची. घोरता घोरता त्याचा श्वास अडकला की ती डोळेसुद्धा न उघडता त्याच्या काखेखाली, बरगडीत दोन बोटं खुपसायची. तो 'हंऽऽ' करून कुशीवर वळायचा आणि गाडं पुन्हा चालू.

"पिठासारखंच आहे बाई यांचं," ती हसून सांगायची, "दाबून बघावं लागतं, आहेत का गेले."

सगळे हसायचे. ती मात्र त्या बिछान्यातून रोज डोक्याला फडकं आवळूनच उठायची. झोपून उठलेल्या बाईचं डोकं का ठणकतं, असं कुणी विचारलं नाही. बायका घोरत नाहीत म्हणून पुरुष छाती ठोकून सांगतात. जागं माणूस घोरेल कसं? आणि गेल्या वर्षी एका दुपारी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. हृदय बंद पडलं म्हणाले. शेजारी नवरा खुशाल घोरत होता आणि तिची दोन बोटं त्याच्या बरगडीवर टेकलेली होती.

पंधरवड्यापूर्वी बाबा भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्या झोपले. हातात पाव आत सरकवायचं लांब दांड्याचं फावडं, डोळे मिटलेले, आणि सगळं अंग पुढे, आगीकडे झुकत चाललेलं. लेकीनं एप्रनला धरून मागे ओढलं म्हणून मनगट भाजण्यावरच निभावलं.

"डुलकी लागली. त्यात काय एवढं?" ते म्हणाले.

लेकीनं त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं अंगाला वायरी लावून त्यांची झोप तपासली. डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, लेकीला आवडल्या.

"घोरतो म्हणजे गाढ झोपतो, हे कुणी शिकवलंय लोकांना? झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, वाट बंद. श्वास नाही म्हटल्यावर मेंदू घाबरून माणसाला उठवतो, पण इतकं थोडं, की त्याला आठवतही नाही. तासाभरात कितीतरी वेळा. म्हणजे तुमचे वडील झोपतच नाहीत, म्हणून भट्टीपुढे झोपतात. हृदय हे किती दिवस सोसेल?"

उपाय त्यांनी स्वच्छ सांगितला. वजन उतरवा. उताणं झोपू नका. झोपेच्या गोळ्यांना हात लावू नका. आणि मुख्य म्हणजे झोपताना मुखवटा लावा, यंत्र त्यातून हवा ढकलत राहतं आणि घशाची वाट मिटू देत नाही. उठता उठता त्या म्हणाल्या, "बायकांनाही होतं हे. पण त्या फारशा घोरत नाहीत, नुसत्या दमलेल्या दिसतात. उठल्यावर डोकं धरतं. म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही."

घरी येईपर्यंत लेकीला आईचं डोक्याला आवळलेलं फडकं दिसत राहिलं.

यंत्र आलं आणि बाबांनी ते कपाटावर चढवून ठेवलं. "हत्तीची सोंड लावून मी झोपणार नाही," म्हणाले. त्यावर त्यांनी दुसरं काही ऐकून घेतलं नाही.

शिंप्यानं पडदा शिवून दिला, त्या दुपारी लेक त्यांच्या उशाशी खुर्ची टाकून बसली. अडलं की हलवायचं, एवढाच तिचा बेत. नव्या पडद्यानं खोली विहिरीसारखी काळी झाली. जिन्यावरून खालच्या गरम पावांचा वास येत होता. डोळे सरावले तशी बाबांची पांढरी बंडी तेवढी दिसू लागली. घोरणं सुरू झालं. आधी दूरवर कुणी लाकूड कापतंय असं, मग जवळ, मग अगदी कानाशी.

आणि थांबलं.

रस्त्यापलीकडचं शिलाई मशीनही थांबलं. बाबांचं पोट हलत होतं, पण हवा जात नव्हती. लेकीनं हात पुढे केला... आणि तो तसाच राहिला.

काखेखाली बंडीचं कापड आत गेलं होतं. दोन खड्डे, जवळजवळ, बोटाएवढे. खोलीत आंबट वास पसरला. पीठ फुगवायच्या खमिराचा. तो वास पावाचा नव्हे, हाताचा असतो. आईच्या हाताला तो साबणानंही जायचा नाही.

बाबांनी आचका देऊन श्वास घेतला, कुशीवर वळले. खड्डे सावकाश वर आले.

लेकीला भीती वाटली असं म्हणणं खोटं ठरेल. ती बसून राहिली. पुन्हा श्वास अडला, पुन्हा खड्डे पडले. किती वेळा, कोण मोजणार. मात्र एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. दर खेपेला ते उशिरा पडत होते. आणि दर खेपेला उथळ.

संध्याकाळी तिनं चहाचा पेला बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"यंत्र का लावत नाही, खरं सांगा."

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "पाहिलंस तू?"

"पाहिलं."

ते चहावरची साय बोटानं बाजूला सारत राहिले.

"यंत्र लावलं तर श्वास अडणार नाही," ते हळूच म्हणाले. "अडलाच नाही, तर ती कशाला हात लावेल गं मला...?"

पण समोर बसलेली ती आईची लेक होती.

"अस्सं. म्हणजे तुमच्या लाडासाठी तिनं मेल्यावरही कामावर यायचं. जिवंतपणी तुमच्या पायी तिला कधी सलग झोप मिळाली नाही. फडकं बांधून उठायची, आठवतं? तुम्ही झोपत होतात, बाबा. ती पहारा देत होती."

"मला काय ठाऊक..."

"तेव्हा नव्हतं. आता आहे ना?"

बाबांचा हात नकळत बरगडीवर गेला. "हल्ली फार हलका लागतो हात," ते म्हणाले. "मला वाटायचं, रागावलीय."

"रागावली नाही. दमलीय."

खाली कुणीतरी पाव मागायला आलं, हाका मारून निघून गेलं. बाबांनी पेला खाली ठेवला.

"आण ती सोंड," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीनं त्यांच्या डोक्यामागून पट्टे ओढून मुखवटा नीट बसवला. ते नेहमीसारखे बिछान्याच्या अलीकडच्या बाजूला निजले. भिंतीकडची बाजू आईची, ती त्यांनी वर्षभर मोकळीच ठेवली होती. झोपण्याआधी त्यांनी त्या बाजूची चादर तळव्यानं सारखी केली.

यंत्र सुरू झालं. चाळणीतून पीठ पडावं तसा बारीक आवाज. बाबांची छाती वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. बंडीला सुरकुती नाही. घोरणं नाही. रस्त्यापलीकडे शिंप्याचं मशीन न अडखळता धावत होतं, जणू त्याच्याही मानेवरचं ओझं उतरलं होतं. लेकीनं डोळे पुसले आणि खाली जायला उठली.

तेव्हा तो आवाज आला.

यंत्राचा नव्हे, बाबांचाही नव्हे. भिंतीकडच्या बाजूनं, रिकाम्या उशीवरून. बारीक, नरम, दमल्या बाईचं घोरणं. लेकीनं आईचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं, पण विचारावं लागलं नाही. ती अंधारात हसली.

"झोप, आई," ती पुटपुटली. "झोप आता..."

खूप वेळ तो आवाज संथ चालला होता. मग तो घशात कुठेतरी अडखळला. गुरगुरला. आणि थांबला.

रस्त्यापलीकडचं मशीन थांबलं.

बाबा यंत्राखाली शांत श्वास घेत होते. लेक वाट पाहत राहिली. मग त्यांच्या अंगावरून हात लांब करून तिनं त्या मोकळ्या जागेवर दोन बोटं टेकवली. चादर उबदार होती. तिनं दाबलं, बोटं काढली.

खड्डा तसाच राहिला.

तिनं पुन्हा दाबलं, जरा जोरात, आई दाबायची तसं. या खेपेला खड्डा सावकाश, अगदी सावकाश वर येऊ लागला. उशीवर कुणीतरी खोल श्वास ओढला. रस्त्यापलीकडे शिंप्यानं एक टाका घातला, मग दुसरा, मग मशीन धावू लागलं.

लेक खुर्चीत बसली. हात बिछान्यावरच ठेवला, दोन बोटं तयार.

थोड्या वेळानं मशीन पुन्हा थांबलं.