वर्ल्ड फोन आणि चाळीस शहरांचं घड्याळ

"मेला! पलीकडच्या देशात उतरलो आणि मेला हा तुमचा वर्ल्ड फोन!"

ट्रक ड्रायव्हरने फोन काउंटरवर असा आपटला, की शेंडेफळ दचकून बहिणीच्या मागे लपली. मोबाइलच्या दुकानात तिघं आली होती ती आईच्या नव्या फोनला कव्हर घ्यायला. तेरा वर्षांची चौकशी, तिची सात वर्षांची धाकटी बहीण शेंडेफळ आणि चुलतभाऊ भोंगा. चौकशी कुणालाही तीन प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसे, म्हणून तिला ते नाव पडलं. भोंग्याचं नाव भोंगा का, हे त्याने तोंड उघडलं की आपोआप कळायचं.

दुकानदार स्वतःला 'साहेब' म्हणवून घ्यायचा. खुर्ची फिरती, टाय रुंद आणि डोक्यात नुसता वारा! त्याने फोन उचलला, पडद्यावर टिचकी मारली आणि कुत्सित हसला.

"फोन ठणठणीत आहे! हे बघा, पलीकडची वेळ दाखवतोय की नाही? अगदी मिनिटावर!"

"वेळ घेऊन काय चाटायचीय? दोन आठवड्यांत घरी एक फोन लागला नाही माझा! रेंजच येत नाही!"

"तुम्हाला वापरता येत नाही, त्याला मी काय करू? शिकून घ्या आधी! पुढचे कोण?"

ड्रायव्हर धुसफुसत बाहेर पडला. चौकशीने त्याच्या फोनच्या पाठीवरचा सोनेरी स्टिकर पाहिला होता. आईचा फोनही इथलाच होता. त्याच्याही पाठीवर तोच सोनेरी स्टिकर होता: 'वर्ल्ड फोन! जगात कुठेही चालणार!'

आई नर्स होती. उद्या सकाळच्या बोटीने ती पलीकडच्या देशातल्या हॉस्पिटलमध्ये दीड वर्षासाठी जाणार होती. बाबा नव्हते. दोघी बहिणी काका-काकूंकडे राहणार होत्या. मागच्या वर्षी आई तीन महिने तिकडे ट्रेनिंगला गेली, तेव्हा तिचा जुना फोन तिथे चाललाच नव्हता. आठव्या दिवशी शेंडेफळाने बोलणं टाकलं होतं. एक शब्द नाही, कुणाशीच नाही. या वेळी आईने तिला कबूल केलं होतं, रोज संध्याकाळी फोन करीन. तेवढ्यावरच शेंडेफळ 'जा' म्हणाली होती.

चौकशी धावतच घरी आली.

"काका, तो फोन पलीकडे चालत नाही!"

काका म्हणजे भोंग्याचे बाबा आणि घरातले सर्वज्ञ. आईसाठी फोन त्यांनीच निवडला होता. पेपर खाली न घेताच त्यांनी विचारलं, "कोण म्हणतं?"

"ट्रक ड्रायव्हर."

"ट्रक ड्रायव्हर! त्याला फोनमधलं काय कळतं?"

"तुम्ही मॉडेल नंबर पाहिलात? खोक्यातलं पत्रक वाचलंत?"

"मागे सोनेरी अक्षरांत लिहिलंय ना? मग! पत्रकं ज्यांना काही कळत नाही ते वाचतात. फोन मी निवडलाय. मी!"

"बाबा, वॉशिंग मशीनही तुम्हीच निवडलं होतंत," भोंगा हळूच म्हणाला. त्याचं हळू शेजारच्या तीन घरांत ऐकू जायचं.

"चालते व्हा सगळे!" काका गरजले.

मोठ्या माणसांची ही भलतीच छान सोय असते. उत्तर येत नसलं की आवाज चढवायचा. मुलांनी असं केलं तर त्याला उद्धटपणा म्हणतात.

आई पलंगावर बॅगा उघड्या टाकून युनिफॉर्म मोजत होती. तिला यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. काकांच्या निवडीवर तिचा बिचारीचा विश्वास होता. चौकशीने कव्हरचं माप घ्यायचं निमित्त सांगून तिचा फोन मागून घेतला आणि तिघांनी थेट धक्का गाठला.

पलीकडे जाणाऱ्या बोटींची तिकिटं तपासणारी तिकीटताई खिडकीत बसली होती. दिवसातून चार फेऱ्या तिच्या.

"ताई, तुमचा फोन पलीकडे चालतो?"

"खणखणीत! इथेही आणि तिथेही."

"मग तो वर्ल्ड फोन असणार!"

"छे गं! साधा आहे. त्या साहेबाच्याच दुकानातला, कोपऱ्यातल्या टोपलीतला. म्हणाला, 'ताई, तुमच्यासारख्यांना हा पुरे.' मेल्याचं नाक बघायला हवं होतंस तेव्हा!"

"म्हणजे वर्ल्ड मरतो आणि साधा जगतो?" भोंगा किंचाळला. छपरावरचे पक्षी उडाले.

"ताई, पलीकडच्या टॉवरची रेंज इकडे कुठवर येते?" चौकशीने विचारलं.

"बंधाऱ्याच्या पार टोकाला. पण भरती चढतेय. पुढच्या बोटीला अर्धा तास आहे. चला, मीच येते!"

बंधारा लांबलचक आणि शेवाळाने निसरडा होता. दोन्ही फोन तिकिटांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ताई पुढे, शेंडेफळाचा हात धरून चौकशी मध्ये आणि मागे भोंगा. टोकाला पोचतात न पोचतात तोच एक लाट दगडांवर फुटली आणि चौघंही भिजली.

"पळूया!" भोंगा ओरडला.

"थांब! शोधू दे आधी!"

ताईच्या फोनने नेटवर्क शोधली. इथली दोन नावं आली आणि खाली पलीकडच्या देशाची दोन. चौकशीने आईच्या फोनवर तेच केलं. इथली दोन नावं आली. बस्स! तिने पुन्हा शोधलं. पुन्हा दोनच. तिसऱ्यांदाही दोनच.

"म्हणजे आई तिथून बोलणारच नाही?" शेंडेफळाने विचारलं.

"बोलेल! बोलणार म्हणजे बोलणारच!" चौकशी म्हणाली. तिला रडूही येत होतं आणि भयंकर रागही.

खिडकीत परत आल्यावर तिने दोन्ही फोनमधली 'फोनबद्दल माहिती' उघडली. मॉडेलचे आकडे अगदी सारखे होते! फक्त शेवटचं अक्षर वेगळं. आईच्या फोनला 'एन', ताईच्या फोनला 'डब्ल्यू'. ताईने फोनचं खोकं रबरबँड ठेवायला वापरलं होतं. त्याच्या तळाशी पत्रक सापडलं, मुंगीएवढ्या अक्षरांतलं.

चौकशीने ते शेवटपर्यंत वाचलं. "ऐका! सगळ्या देशांतले टॉवर एकाच पद्धतीने चालत नाहीत. इथल्यांची भाषा एक, पलीकडच्यांची दुसरी, असं समजा. 'एन'वाल्याला फक्त इथली भाषा येते. 'डब्ल्यू'वाल्याला दोन्ही येतात. तो खरा वर्ल्ड फोन!"

"मग साहेबाने स्टिकर उलटे का लावले? चोर आहे तो!"

"चोराला निदान माल ओळखता येतो," ताई म्हणाली. "हा कसला चोर!"

"मग वर्ल्ड फोन कसा ओळखतो तो?" चौकशी विचारात पडली. "हे त्यालाच विचारू. त्याच्याशी भांडायचं नाही, फक्त त्याला बोलू द्यायचं. तेवढं एक त्याला छान येतं!"

संध्याकाळी पाचला दुकानात गर्दी होती. मुलांना शोधत आलेले काका तिथेच साहेबाशी गप्पा हाणत होते. भोंग्याने धक्क्यावरून ट्रक ड्रायव्हरला ओढून आणलं होतं. शेवटची फेरी आटपून तिकीटताईही आली.

"साहेब," चौकशी गोड आवाजात म्हणाली, "आम्हाला शाळेत सुट्टीचा प्रकल्प आहे. वर्ल्ड फोन कसा ओळखायचा, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

साहेब खुर्चीत फुगला. "बरोबर ठिकाणी आलीस! कंपनीकडून फोनचा गठ्ठा येतो. मी स्वतः एकेक चालू करून पाहतो. नोकरांवर सोपवत नाही! हे बघ, पहिल्याच पडद्यावर काय आहे?"

"घड्याळ."

"नुसतं घड्याळ नाही! जगातल्या चाळीस शहरांची वेळ! म्हणून हा वर्ल्ड फोन. आणि ज्यात हे दिसत नाही तो साधा. कळलं?"

काका मान डोलावत होते. अजूनही!

"कळलं," चौकशी म्हणाली. "ताई, तुमचा साधा फोन द्या. यात पहिल्या पडद्यावर घड्याळ नाही. पण बोट असं सरकवलं की दुसऱ्या पडद्यावर... हे काय आहे, साहेब?"

साहेबाने वाकून पाहिलं. चाळीस शहरं!

"हा... हा चुकून वर्ल्ड निघाला."

"काका, तुमचा सात वर्षांचा जुना फोन बघू? घड्याळ उघडा."

काकांनी उघडलं. चाळीस शहरं! मग दुकानातला जो तो आपापला फोन काढून बघायला लागला.

"माझ्यातही आहे!"

"अरे, माझ्यातही!"

"सगळेच वर्ल्ड फोन!" भोंगा ओरडला आणि हास्याचा असा स्फोट झाला, की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. ट्रक ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, "आणि शिकून घ्यायचं मी! वा रे साहेब!"

चौकशी हसत नव्हती. तिने पत्रक काउंटरवर ठेवलं. "माझी आई हा फोन घेऊन उद्या दीड वर्षासाठी निघालीय. तुम्ही एक कागद वाचला नाहीत. तिथे उतरल्यावर तिने काय करायचं होतं? चाळीस शहरांत किती वाजले ते बघत बसायचं होतं?"

आवाज चढवायलाही साहेबापाशी जागा उरली नव्हती. त्याने मुकाट्याने कोपऱ्यातली टोपली पुढे केली. चौकशीने एकेक फोन चालू करून शेवटचं अक्षर तपासलं, एक 'डब्ल्यू'वाला आईसाठी काढला, एक ड्रायव्हरला दिला.

"साहेब, सोनेरी स्टिकर सोलायला बसा आता," तिकीटताई म्हणाली. "आणि ती खुर्ची या पोरीला द्या. तिला वाचता येतं!"

ड्रायव्हरने चौकशीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, माझ्या घरचे तुला दुवा देतील."

"मला पहिल्यापासून शंका होतीच," काका म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. शेंडेफळ बोटीला हात हलवून घरी आली आणि काकांच्या फोनसमोर बसून राहिली. दुपार गेली. ती एक शब्द बोलली नाही. चौकशी सारखी तिच्याकडे बघत होती आणि तिला धड पुस्तकही वाचवत नव्हतं.

संध्याकाळी फोन खणाणला. काकांनी झडप घालून उचलला.

"वहिनी! येतंय ना ऐकू? मी म्हटलंच होतं, फोन निवडावा तर..."

"भावजी, तो कोणी निवडला ते मला ठाऊक आहे," आईचा आवाज सगळ्या खोलीभर स्वच्छ ऐकू आला. "चौकशीला सांगा, इथे उतरलेल्या नर्सेसपैकी फक्त माझाच फोन लागतोय. सगळ्या जणी रांग लावून उभ्या आहेत. माझ्या लेकीचं कौतुक करताहेत. आता शेंडेफळाकडे द्या."

शेंडेफळाने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. आधी तिचा नुसता श्वास ऐकू आला. मग ती बोलायला लागली. बोटीचं, लाटेचं, भिजलेल्या फ्रॉकचं, भोंग्याच्या ओरडण्याने उडालेल्या पक्ष्यांचं. काकूने ताटं वाढली, पण कुणी जागचं हललं नाही. आणखी दोन शब्द बोलायचे म्हणून काकांनी फोनसाठी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला. शेंडेफळ बोलतच होती.