काटा कुणी वाचला?

"आई, त्या आल्यात गं!"

दार उघडणाऱ्या मुलीने आत वळून हाक मारली आणि उंबरठ्यावर ताईचं पाऊल थबकलं. न्यायालयाने तिला निर्दोष ठरवून नऊच दिवस झाले होते, अकरा वर्षांनी ती या दारात उभी होती. समोर पोटची लेक होती, तिच्याएवढीच उंच, तसंच रुंद कपाळ... आणि तिने 'आई' म्हणून हाक मारली होती ती स्वयंपाकघरातल्या मावशीला!

'त्यात पोरीचं काय चुकलं?' ताईने मनाला बजावलं. वडील आधीच गेलेले, आणि आई तुरुंगात गेली तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची. 'तिला भेटीला आणायचं नाही' ही अट ताईनेच धाकट्या बहिणीला घातली होती.

"ये ना गं ताई, दारात काय उभी राहतेस!" धाकटीने लगबगीने चहा आणला.

ताईने घोट घेतला. "साखरेला तुझा हात अजून सैलच आहे."

"आणि तू अजून चुकाच काढतेस!" धाकटी हसली, पण मुलीकडे लक्ष जाताच तिचं हसू तिथेच विरलं.

मुलगी बसली नव्हती. तिच्या हातात निकालाची प्रत होती, जागोजागी पेन्सिलीने रेघा मारलेली.

"मी हे दोनदा वाचलं," ती म्हणाली. "रुग्णालयात दगावलेली ती तीन माणसं तुमच्यामुळे गेली नाहीत हे मला पटलं. सलाइनच्या बाटल्याच कारखान्यातून दूषित आल्या होत्या. पण त्या दिवशी तुमच्या यंत्राच्या आलेखावर तापमान एकशे आठच्या वर गेलंच नव्हतं. मग वहीत एकशे एकवीस कसं? तुमच्या अक्षरात?"

दोघी बहिणी एकाच रुग्णालयात, शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करण्याच्या खोलीत कामाला होत्या. काटा एकशे एकवीस अंशांवर पोचला की वहीत नोंद करायची. बघणारीनेच लिहायचं असा नियम होता, पण या दोघींनी काम वाटून घेतलं होतं. धाकटी यंत्रापाशी उभी राहून आकडा ओरडायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलापाशी बसलेली ताई तो लिहून सही करायची. दिवसाला सहा खेपा, वर्षानुवर्षं, तोच आकडा... एकमेकींवरच्या विश्वासाने दोघींचेही डोळे हळूहळू कामातून निवृत्त झाले होते! चौकशीत यंत्राच्या पेटीतून आलेखाची गुंडाळी निघाली तेव्हा वहीवर सही एकट्या ताईची होती. "मीच पाहिलं, मीच लिहिलं," ती न्यायालयात म्हणाली होती.

"लिहिलं मीच," ताई आताही म्हणाली.

"काटा न बघता?"

एक वाक्य... फक्त एक वाक्य, आणि लेक परत मिळाली असती! ते ओठांपर्यंत आलंही. पण मुलीच्या खांद्यावरून तिला दारातल्या धाकटीचा चेहरा दिसला, राखेसारखा. तापात उशाशी बसणारी ही, या पोरीपायी आलेली स्थळं परतवणारी ही... ते वाक्य उच्चारलं तर पोरीच्या मनातली आईच कोसळणार होती.

"न बघता," ताई म्हणाली.

"आमचे विज्ञानाचे सर म्हणतात, चुकलेला आकडा चालेल, न पाहिलेला चालणार नाही." मुलीने निकालाची प्रत मिटली. "तुमचं फार वाईट वाटतं मला. पण हे मला माफ नाही करता येत."

ताईने कप खाली ठेवला आणि ती उठली. "बरोबर आहे तुझं. मी निघते. महिला वसतिगृहात खोली मिळालीय मला."

"खाली बस!"

धाकटीचा असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता.

"काटा मी वाचायचे!" ती मुलीकडे वळली. "त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत होते गं... तोंडाला सवयीने आलं ते ओरडले, आणि ताईने माझ्या शब्दावर लिहिलं. अकरा वर्षं तुझ्या वेण्या घालताना रोज वाटायचं, आज सांगते... आज सांगते..."

मुलगी चटका बसल्यासारखी मागे सरली. "आणि तू मला 'आई' म्हणू देत राहिलीस? हिला आत ठेवून?"

ताई झटकन दोघींच्या मध्ये आली.

"तिला गप्प मी केलं. एका वहीपायी दोघी आत गेलो असतो तर तुला कोण उरलं असतं? आणि मी तुझ्याशी खोटं बोलले नाही. ती न बघता बोलली, मी न बघता लिहिलं. उठून चार पावलं गेले असते तर काटा मलाही दिसला असता. पण नीट ऐक. हिला आई म्हणायचं सोडलंस ना, तर माझी अकरा वर्षं पाण्यात गेली!"

मुलीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. डोळे भरून वाहू लागले तशी ती वळली आणि आतल्या खोलीचं दार आपटून दिसेनाशी झाली.

"गेली गं, ताई... दोघींच्याही हातची गेली," धाकटी भिंतीला टेकून हुंदके देऊ लागली.

"थांब जरा."

आतून काहीतरी जड फरशीवर घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग रडून घोगरा झालेला, वैतागलेला आवाज:

"तिसरी खाट कशी मावायची इथे? हे कपाट एकटीने हलत नाहीये. या ना कुणीतरी!"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघीही एकाच वेळी धावल्या आणि दाराच्या चौकटीत एकमेकींवर आदळल्या.