दोन बोटं बुटकी

पोर तीन महिन्यांत दोन बोटं बुटकी झाली होती.

अंगणवाडीच्या मापबाईंनी तिला पुन्हा फळीवर निजवलं. डोकं वर टेकवलं, गुडघे दाबले, सरकती पाटी तळव्यांना भिडवली. वहीत मनीच्या नावापुढे मागच्या खेपेला पंच्याहत्तर सेंटिमीटर. आज बाहत्तर.

"फळी फुगली असेल तुमची," काकी म्हणाली. खोली एवढीशी, खिडकी नाही, आणि ही आतल्या दाराला पाठ लावून उभी.

"फळी आहे, बेडूक नाही फुगायला."

दंडाची पट्टी मात्र हिरव्यावर आली. हिरवी म्हणजे धडधाकट, पिवळी म्हणजे सांभाळा, तांबडी म्हणजे जिवाशी गाठ. मागे मनी पिवळीवर होती. आईवेगळी पोर काकीने अशी टुमटुमीत केली, म्हणून दुसऱ्या मापबाईने तिची पाठ थोपटली असती.

"ही मनीच ना? तुमच्या जाऊबाईंची?"

"मग काय माझी?"

"तुमची ठमी कुठाय?"

"आजोळी. झाले चार दिवस."

मोरीत दोन इवल्या वाट्या होत्या. एक चाटूनपुसून साफ. दुसरीतला भात तसाच, सुकून कडक.

"त्या दाराआड काय?"

"अडगळ."

"अडगळीला बाहेरून कडी?"

काकीने पाठ दाराला आणखी घट्ट लावली.

"मने!" मापबाईंनी हाक मारली. पोर अंगठा चोखत राहिली. "ठमे!"

पोरीने गर्रकन मान वळवली.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, बाई? माणूस वाळतं, दंड झिजतो, पण हाड आखडत नाही. ही मनी नाही, तिच्याहून लहान ठमी आहे. मग मोरीतली भरली वाटी कुणाची? कडी काढा."

"आत असती तर रडली नसती?"

"उपाशी पोर रडत नाही. रडायलाही अंगात काही लागतं."

कडी काकीनेच काढली. मनी अंधारात गोधडीवर पडलेली, डोळे टक्क उघडे. पट्टी दंडाभोवती फिरली. तांबडी.

"खातच नाही हो! तुम्ही दवाखान्यात ठेवायला लावलं असतं. हिचे काका फिरतीवर. मी तिथं अडकले, तर माझ्या पोरीला कोण बघणार?"

"म्हणून हिला अडकवलीस?"

काकी गोधडीशी बसली. "जगेल ना ती?"

"ही पट्टी दंड मोजते, आयुष्य नाही. ऊठ. हिला मी घेते, ठमीला तू घे. दवाखान्याची खाट दोघी पोरींना पुरते. चप्पल घाल."